सुधाताईंची आफ्रिका

सुधाताई सामंतांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्टुलावर उभ्या होत्या आणि छताला झोपाळ्याची जी कडी असते तिला एक मऊ कापडी बॅग लटकत होती. बॅग आणि कडी यांच्यामध्ये भंगारवाल्याकडे असतो तसला काटा होता. ब्युरोने दिलेली चिठ्ठी हातात घेऊन मी दारातच थांबले. नाव नाही, गाव नाही, त्या वरूनच म्हणाल्या, "आलीस? बरं झालं. चष्मा खाली राहिलाय माझा. काटा वाच बघू."

मी म्हणाले, "साडेपंधरा."

"वाट लागली. पंधराच्या वर घेत नाहीत. छोटं विमान असतं गं, रिक्षाएवढं." मग खाली उतरून त्यांनी बॅगेतून लाडवांचा डबा काढला, एक लाडू माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "खा. तेवढंच वजन कमी."

मला वाटलं, बाई आजच निघाल्या. नवीन घर, आतल्या खोलीत म्हातारी पेशंट, आणि पहिल्याच दिवशी मालकीण परदेशी! तेवढ्यात आतून पेशंटचाच आवाज आला, "घाबरू नको गो बाय. खंय जाना नाय ती. दर आयतवारी भरता नि दर आयतवारी रिकामी करता."

त्या आजी. सुधाताईंच्या आई. वय सत्त्याऐंशी, कंबरेखालचं अंग कामातून गेलेलं, पण जीभ पंचविशीतली. नवरा गिरणीत होता तेव्हापासून मुंबईत, तरी मालवणी एका अक्षरानं बदललं नव्हतं. घर बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आजी नऊ वर्षांत एकदाच खाली उतरल्या होत्या, तेही चौघांनी उचललेल्या खुर्चीतून, हॉस्पिटलात जायला. आणि आजी उतरत नाहीत म्हणून सुधाताईही कुठे जात नसत. दूध, भाजी, औषधं, बँक. एका तासाच्या आत परत. उशीर झाला की आजी बोलायच्या नाहीत, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या. ते जास्त लागायचं.

मी वाशिमकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, तेही टिकलं नाही, आणि गावातल्या एका बाईबरोबर मुंबईत आले. ब्युरोने मला पेशंट सांभाळायला पाठवलं ते हे तिसरं घर. आधीच्या दोन घरांत मला नाव नव्हतं; 'बाई' आणि 'ए' यांतलं एक काहीतरी असायचं. इथे पहिल्या संध्याकाळी सुधाताईंनी विचारलं, "वनिता, तुझं पूर्ण नाव काय? आडनावासकट सांग. माल कुणाच्या नावावर आहे ते कळायला नको?"

त्यांच्या बोलण्यात माल फार यायचा. अंधेरीच्या एका औषधांच्या कंपनीत त्यांनी पंचवीस वर्षं डिस्पॅचला काढली होती. खोकी भरायची, वजन करायचं, पत्ता चिकटवायचा. नैरोबी. मोंबासा. दारेसलाम. "पंचवीस वर्षं मी आफ्रिकेला माल पाठवला," त्या म्हणायच्या, "आणि मी स्वतः? बोरिवली ते अंधेरी. एकदा खोक्यातच बसायचं मनात आलं होतं, पण माझं वजन बसत नव्हतं." आजी पडल्या तेव्हा सुधाताईंनी नोकरी सोडली. लग्न केलंच नव्हतं. त्या वेळेपासून हा प्लॅन चालू होता. मी आले तेव्हा त्याला नऊ वर्षं झाली होती.

चार वेळा ठरून मोडला होता. एकदा आजींना न्यूमोनिया झाला. एकदा ठेवलेली बाई तिसऱ्या दिवशी न सांगता निघून गेली. एकदा कोरोना. एकदा नाशिकचे भाऊ पंधरा दिवस येऊन राहणार होते, त्यांना ऐनवेळी काम निघालं. तिकडे जाण्याआधी घ्यावी लागते ती पिवळ्या तापाची लस मात्र त्यांनी पहिल्याच वेळी घेऊन ठेवली होती. तिचं पिवळं कार्ड देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याखाली असायचं. "साठीनंतर लस द्यायला का-कू करतात म्हणे," त्यांनी मला सांगितलं. "म्हणून टोचून घेतली. मी निघो न निघो, दंड तरी तयार आहे."

तयारी म्हणाल तर एखाद्या परीक्षेला बसावं तशी. निळा आणि काळा कपडा चालत नाही, तिकडच्या एका माशीला तो रंग आवडतो. म्हणून कपाटात सगळे मातकट कुडते. आजी म्हणायच्या, "माझा चेडू सगळा शेणान सारवल्यासारख्या दिसता." जंगलात गाडीतून उतरता येत नाही, बाथरूमची सोय नाही, याची सुधाताईंना सिंहापेक्षा जास्त भीती. म्हणून दर बुधवारी सकाळी सातला एक ग्लास पाणी पिऊन त्या बाल्कनीतल्या खुर्चीत बसायच्या आणि बारापर्यंत उठायच्या नाहीत. मला सांगून ठेवलेलं, "मी विनवण्या केल्या तरी उठू द्यायचं नाही. गाडी समज." एकदा साडेअकराला त्या खरंच विनवण्या करायला लागल्या. मी घाबरून बाजूला झाले. आतून आजी ओरडल्या, "सोडू नको गो तिका! भायर सिंव आसा!" त्या दिवशी आम्ही तिघी इतक्या हसलो की प्रॅक्टिसचा निकाल काय लागला ते विचारूच नका.

आजींचं म्हणणं सरळ होतं. "वाघ बगूक आफ्रिकेक कित्याक जावक होया? हंयसर भिंतीर बसान रवता." खोटं नव्हतं. आमच्या सोसायटीच्या भिंतीवर बिबट्या यायचा. वॉचमन शिट्टी मारायचा आणि सगळ्या बिल्डिंगच्या खिडक्या धडाधड लागायच्या. पण सुधाताई म्हणायच्या, "इथे तो मोकळा आणि मी ग्रिलच्या आत. तिथे मला ग्रिलच्या बाहेर बसून बघायचंय."

मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी पाचव्यांदा बुकिंग केलं. आठ दिवस, केनिया, जुलैअखेर. या वेळीही भाऊ येणार होते आणि या वेळीही, दोन आठवडे उरले असताना, त्यांचा फोन आला. सुधाताईंनी फोन ठेवला, स्टूल ओढलं आणि कडीला अडकवलेला काटा सोडवायला लागल्या. मला ते बघवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी आहे ना ताई."

त्या वळल्या. "एकटी? आठ दिवस?"

"आठ दिवस."

मला कसलीही जबाबदारी घेतली की भीती वाटते. दुधावर लक्ष ठेव म्हटलं तरी मी गॅससमोरून हलत नाही. पण या बाईने मला बँकेत खातं काढून दिलं होतं, जुना चष्मा बदलून दिला होता, जेवताना समोर बसवलं होतं. माझ्याकडे परत द्यायला दुसरं होतं काय?

मग रंगीत तालीम झाली. सुधाताई सकाळी आठला बाहेर पडल्या आणि संध्याकाळी आठलाच येणार, फोनही करणार नाही असं ठरलं. मी आजींचं अंग पुसलं, पेज भरवली, कूस बदलली. अकराच्या सुमाराला कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेले, तर खाली बागेतल्या बाकावर मातकट कुडता. डोळ्याला दुर्बीण. सिंह बघायला घेतलेली ती महागडी दुर्बीण बाईंनी पहिल्यांदा वापरली ती आपल्याच घराच्या खिडकीवर. मी हात हलवला. त्यांनी पटकन दुर्बीण झाडाकडे वळवली, जणू पोपट बघतायत. मी आत येऊन आजींना सांगितलं. आजी म्हणाल्या, "तिका वर बोलव नि भाकरी घाल. जनावर उपाशी आसतला."

जायच्या दिवशी आजींनी गाऱ्हाणं घातलं. कोकणात कुणी लांबच्या वाटेला निघालं की घरातलं मोठं माणूस देवाला मोठ्याने सगळं सांगतं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. माझ्या माहेरी बुद्धवंदना. मला हे सगळं नवं. पण म्हणणारं दुसरं होतं कोण? आजींना उशी लावून बसवलं, हातात नारळ दिला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या माझा चेडू एकट्या आफ्रिकेक जाता हा!"

"होय म्हाराजा!" मी म्हणाले.

"तेच्या वाटेर कोन वाघ, सिंव, हत्ती आडवो इलो, तर तेका उजवी-डावी घाल नि वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी जोरात म्हणाले.

"अगं ए!" सुधाताई ओरडल्या. "दोघी गप्प बसा! बाजूला काय करताय? तेच बघायला चाललेय मी! अकरा वर्षं थांबलेय!"

आजी गडबडल्या. नारळ तसाच हातात. "मगे देवाक काय सांगू? सिंवाक हिच्या फुड्यात आनून बसव?"

"सांग काहीतरी. पण आधीचं रद्द कर."

बराच वेळ विचार करून आजींनी पुन्हा हात जोडले. "बा देवा म्हाराजा, मगाशी बोललंय ता ऱ्हवांदे. सिंव दिसांदे. पन दुरसून दिसांदे. आनि तेचा प्वाट भरलेला आसांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," आम्ही दोघी म्हणालो. टॅक्सी खाली हॉर्न देत होती. सुधाताई आईच्या पाया पडल्या आणि मला म्हणाल्या, "एकच गोष्ट. मला खोटं सांगायचं नाही. ऐकून काय करायचं ते मी बघीन, पण खोटं नाही."

हे त्या मलाच का म्हणाल्या ते मला कळलं. माझे वडील गेले तेव्हा मी दुसऱ्या घरी कामाला होते. घरच्यांनी मला दोन दिवसांनी कळवलं. 'कामावर आहे, कशाला तिच्या जिवाला घोर.' हे मी सुधाताईंना एकदा सांगितलं होतं.

त्या रोज दुपारी चारला फोन करायच्या. तिकडे जेवायची वेळ. चार दिवस सगळं नीट गेलं. पाचव्या दिवशी सकाळी आजींचं अंग तापलं. एकशे दोन. मी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं. लघवीचं इन्फेक्शन आहे म्हणाले, औषध बदललं, आणि उद्या दुपारपर्यंत ताप उतरला नाही तर ॲडमिट करू म्हणाले. ते गेल्यावर आजींनी माझं मनगट धरलं. हात चटका बसावा इतका गरम.

"तेका सांगशीत तर बग. माझी शपथ आसा. अकरा वर्सांनी चेडू भायर पडला हा."

त्या दिवशीचे चार वाजेपर्यंतचे तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. सांगावं तर बाई मिळेल त्या विमानाने परत येणार. अकरा वर्षांचं सगळं पाण्यात, आणि परत कधी निघणार नाहीत. न सांगावं आणि आजींना काही झालं तर? दोन दिवसांनी कळणं काय असतं ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. देवाचं, बुद्धाचं, सगळ्यांचं नाव घेतलं. फोन वाजला.

"काय गं, झकास ना सगळं?"

"नाही ताई. आजींना ताप आहे. सकाळपासून. एकशे दोन." मग डॉक्टर काय म्हणाले ते सगळं एका दमात सांगितलं. "आणि आजींनी शपथ घातलीये, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

मग त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं वनिता?"

मला हे कुणी विचारलं नव्हतं. लग्न करताना नाही, शाळा सोडताना नाही. मला काय वाटतं? मी आजींच्या खोलीकडे बघितलं. डॉक्टरांना कळतं ते मला कळत नाही. पण दोन वर्षं ती म्हातारी माझ्या हाताखालून गेली होती.

"मघाशी पेज दिली तर मीठ कमी म्हणून शिव्या घातल्या मला," मी म्हणाले.

"किती?"

"भरपूर. माझ्या आईपर्यंत गेल्या."

"वाटी संपवली?"

"शिव्या देत देत संपवली."

पलीकडे एक मोठा श्वास सुटला. "मग मी राहते. उद्या दुपारी बाराला तू फोन कर. कसंही असलं तरी कर."

फोन ठेवल्यावर मी खाली बसले. आता जे होईल त्यात माझा शब्द होता. आधी कशातच नसायचा, त्याची मला सवय होती. हे ओझं नवं होतं. दुसऱ्या दिवशी साडेअकराला ताप नव्याण्णव झाला. मी बारा वाजायची वाट बघितली नाही.

सुधाताई परतल्या त्या संध्याकाळी घर शेजाऱ्यांनी भरलं. सगळ्यांना ऐकायचं होतं. सुधाताईंनी सांगितलंही असं, की बायकांच्या हातातला चहा गार झाला. हजारो जनावरं नदी कशी ओलांडतात, मगरी कशा टपून बसतात, सिंहीण पिल्लाला मानेला धरून कशी नेते. आजींनी फक्त एवढंच विचारलं, "प्वाट भरलेला होता ना गो तेचा?"

"टम्म होतं आई."

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी झोपल्यावर त्यांनी मला बाल्कनीत बोलावलं. "तुला म्हणून सांगते. तुझ्याशी खोटं बोलून चालणार नाही, तू माझ्याशी बोलली नाहीस." मग फोनवरचा एक फोटो दाखवला. उघडी गाडी. गाडीमागे भिंतीसारखा हत्ती. आणि पुढच्या सीटवर मान टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपलेल्या सुधाताई.

"काल सांगितलं ते सगळं पुस्तकातलं," त्या म्हणाल्या. "मी झोपले गं. पहिल्या दिवशी गाडी सुरू झाली, वारा लागला आणि डोळा लागला. ड्रायव्हर हलवायचा, मॅडम, सिंबा, सिंबा. मी येस येस म्हणायची आणि परत. एकदा सिंह बघितला, खरंच बघितला, सुंदर होता. पण जांभई आली. पुण्याचं एक जोडपं होतं, ते तर माझ्यावर चिडलेच. अकरा वर्षं प्लॅन केला आणि आठ दिवस झोपले. ताप उतरल्याचा तू फोन केलास त्या दुपारी तर तंबूत संध्याकाळपर्यंत."

मी विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. विमानात रडले. मग लक्षात आलं, आईची कूस बदलायला, पाणी द्यायला, मी नऊ वर्षं एक रात्र सलग झोपले नव्हते, आणि तू आल्यावरही कान जागाच." मग माझ्याकडे वळल्या. "आता दोन वर्षं ते तू करतेस. तू कधी झोपलीस गं शेवटची?"

मी म्हणाले, "मला सवय आहे ताई."

"मलाही होती. शनिवारची रात्र तुझी. माझ्या खोलीत, दार लावून. आई माझ्याकडे."

मी नको म्हणाले. पगार कापतील का, आजींना राग येईल का, ब्युरोला कळलं तर? सुधाताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माल निघाला पाहिजे, वनिता. कारणं गोडाऊनमध्ये ठेवायची." पहिल्या शनिवारी मी दाराला कान लावून जागीच राहिले. दुसऱ्या शनिवारीही. तिसऱ्या शनिवारी रविवारचे साडेनऊ वाजले, आणि आजी बाहेरून विचारत होत्या, "मेला की काय गो ता?"

आजी त्यानंतर दीड वर्ष होत्या. एका सकाळी चहा पिऊन, बशी माझ्या हातात देऊन गेल्या. दिवस झाल्यावर ब्युरोचा फोन आला: मुलुंडला केस आहे, म्हातारे गृहस्थ, चोवीस तास. मी निघताना सुधाताईंना विचारलं, "आता परत जा ना ताई आफ्रिकेला. आता नीट बघून या."

त्यांनी रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. "बघू," म्हणाल्या. "आता घाई कसली? आता मला धरून ठेवणारं कोण आहे?" हे त्या हसत म्हणाल्या आणि पलंगावरची चादर सरळ करायला लागल्या. "मुलुंडला शनिवारचं पहिल्याच दिवशी सांग. नंतर तुझं तोंड उघडणार नाही, मी तुला ओळखते. पाय लटपटले तरी चालतील, पण सांग."

मुलुंडच्या घरी त्या बाईंनी मला म्हाताऱ्यांची खोली दाखवली, औषधं दाखवली, माझी चटई कुठे टाकायची ते दाखवलं. मी म्हणाले, "मॅडम, आठवड्यातली एक रात्र मला सुट्टी लागेल."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "का? कुठे जायचं असतं?"

"कुठंच नाही," मी म्हणाले. "झोपायचं असतं."